नाकाच्या शेंड्यावरचा उजेड

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमागे मुलांनी किल्ला केला. विटा रचून, वर भिजवलेली पोती टाकून, लाल माती थापून झाली. बुरुजांना काव लागली, अळीव चांगलंच तरारलं. कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं, म्हणजे तुतारीवाला, भालदार, तोफेशेजारचा गोलंदाज, डोक्यावर माठ घेतलेली गवळण आणि सिंहासनावरचे महाराज, आपापल्या जागी बसली. तळमजल्यावरची सातवीतली मुलगी वर आली आणि म्हणाली, "काका, तुमचा एक सैनिक द्या ना, माचीवर पहाऱ्याला." मी स्वतः रंगवलेल्यांपैकी एक कपाटातून काढून दिला. पाच सेंटिमीटरचा, एक गुडघा टेकून बसलेला, हातात रायफल, अंगावर आपल्या लष्कराचा जुना, हिरव्या-तपकिरी-काळ्या चट्ट्यांचा गणवेश. तिनं तो अळिवात नीट रोवला, दोन पावलं मागे गेली, मान तिरपी करून पाहिलं. मग त्याला उचलून परत माझ्या हातात दिला. "हा नको काका. हा दिसतच नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला दिसलं ते तिनं सांगितलं. पण ते वाक्य माझ्यामागे लागलं ते लागलंच.

माचीवर मग तुतारीवाला उभा राहिला आणि थेट फाटकापासून दिसू लागला. तो दिसणारच. कुंभारवाड्यात ही चित्रं रंगवताना मी लहानपणी पुष्कळ वेळ उभा राहिलेलो आहे. आम्ही तेव्हा कसब्यातच राहायचो. एक बाई मावळ्यांची लांबलचक रांग मांडून सगळ्यांचे अंगरखे एका दमात लाल करायच्या. ते वाळेपर्यंत दुसऱ्या रांगेच्या पगड्या पिवळ्या व्हायच्या. मग काळ्या रंगाची वाटी पुढे यायची. मिशी, भुवया आणि शेवटी डोळ्यांची दोन टिंबं. पाठीकडे फार कुणी लक्ष देत नसे, कारण किल्ला समोरून बघायचा असतो. पण ती दोन टिंबं पडली रे पडली की इतका वेळ मुकाट पडून असलेला मातीचा तुकडा आपल्याकडे रोखून बघायला लागायचा. रंगानं माणूस दिसायला लागतो हे मी तिथे पाहिलं. आणि मोठेपणी जो छंद मला चिकटला, त्यात मी रंगवतो ते कापड माणूस दिसू नये म्हणून जन्माला आलेलं आहे.

ज्यांनी कधी फिगर, म्हणजे असा छोटा पुतळा, रंगवलेली नाही त्यांना वाटतं की यात कसोटी लागते ती डोळे आणि बटणं रंगवताना. खरा कस लागतो तो कॅमोफ्लाजला, म्हणजे माणूस लपवणाऱ्या चट्ट्यांच्या नक्षीला. एकास पस्तीस हे या छंदातलं रुळलेलं माप, जपानच्या तामिया कंपनीनं घरोघर पोचवलेलं. पावणेदोन मीटर उंचीचा जवान त्यात बरोबर ५ सेंटिमीटरचा होतो आणि त्याच्या शर्टावरचा वीतभर चट्टा जेमतेम ६ मिलिमीटरचा. हातभर अंतरावरून हा पुतळा पाहायचा म्हणजे खरा माणूस १६ मीटरवरून पाहायचा. एवढ्याशा आकारावर बाटलीतला रंग जसाच्या तसा लावला तर तो जड वाटतो, म्हणून प्रत्येक रंगात थोडा फिकट मातकट मिसळून त्याचा जोर कमी करावा लागतो. निखळ काळा तर मी वापरतच नाही. काळ्या चट्ट्यासाठी काळ्यात थोडा तपकिरी घालतो. आणि चट्टे काढताना हाताला सतत बजावत राहावं लागतं की बाबा, सारखे काढू नकोस. हात फार लवकर सवयीला लागतो. पहिले पाच-सहा चट्टे मोकळे येतात, पुढचे सगळे एकाच घाटाचे व्हायला लागतात. अशा वेळी मी फिगर उलटी धरतो, डोकं खाली पाय वर, म्हणजे हाताची वळणं मोडतात.

नक्षी शिवणीवर जुळवायची नसते, ही या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. लष्करी कापड ताग्यातून बेतलं जातं. छाती एका तुकड्याची, खिसा दुसऱ्या, बाही तिसऱ्या. हजारो शर्ट शिवणारा कारागीर चट्ट्याला चट्टा भिडवत बसत नाही. म्हणून खिशाच्या कडेशी हिरवा चट्टा अचानक तुटला पाहिजे आणि खांद्याच्या शिवणीपाशी तपकिरीला अर्ध्यात थांबता आलं पाहिजे. इतकं जमलं की रंगवलेलं राळेचं अंग एकदम कापड वाटायला लागतं. पुण्याची हवा मात्र या कामाला वर्षातून दोनदा विरोध करते. एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. तेव्हा अगदी बारीक ट्रिपल-झिरोपेक्षा रंग पोटात धरून टोक राखणारा शून्य नंबरचा ब्रश कितीतरी बरा, आणि पॅलेट म्हणून चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर. जुलैमध्ये उलट. दमट हवेत मॅट वार्निश फवारलं की त्यावर पांढुरका थर धरतो, म्हणून पावसाळ्यात रंगवून झालेली फिगर वार्निशसाठी कोरड्या दिवसाची वाट बघत डब्यात बसून राहते.

एवढं सगळं नीट झालं की मग खरी अडचण समोर येते. नक्षी उत्तम जमली, की माणूस जातो. कोपराची वळी, काखेतली खाच, पट्ट्याखाली दबलेलं कापड, मूर्तिकारानं जीव ओतून कोरलेली प्रत्येक घडी चट्ट्यांच्या खाली गडप होते. डोळा घडीच्या मागे जायचं सोडून चट्ट्याच्या मागे जातो, एका चट्ट्यावरून दुसऱ्यावर, आणि छाती कुठे संपली, हात कुठे सुरू झाला हे कळेनासं होतं. कापड आपलं काम चोख करत असतं. पाच सेंटिमीटरवरही करतं. मी रंगवलं म्हणून ते आपला धर्म सोडत नाही.

मग त्याला परत आणायचं.

हे परत आणणं म्हणजे काय, ते मला चिंकाऱ्यांनी नीट दाखवलं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात ऐन दुपारी आम्ही उभे होतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, ऊन थेट डोक्यावर. सोबतच्या माणसानं बोट दाखवलं तरी मला कितीतरी वेळ काही दिसेना. मग एक कान हलला आणि पाठोपाठ अख्खं हरण उमटलं. पाठ गवताहून किंचित गडद, कुशीला येता येता रंग फिका, पोट पांढरं. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यानं १८९६ मध्ये हेच मांडलं होतं. उजेड वरून पडतो, त्यामुळे कुठल्याही गोल वस्तूचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळवंडलेला दिसतो. त्या फरकावरूनच डोळ्याला तिची गोलाई कळते. प्राण्याच्या अंगावर निसर्गानं बरोबर उलट रंग दिलेले असतात, वर गडद आणि खाली फिका. उजेड आणि रंग एकमेकांना खोडून काढतात, प्राणी सपाट होतो आणि पार्श्वभूमीत मिसळून जातो. हे चित्रकारालाच दिसू शकलं यात मला नवल वाटत नाही. कागदावर गोलाई कशी आणायची हे ज्याला रोज करावं लागतं, त्यालाच ती पुसायची कशी हे उमगणार. पुढे थेयर या कल्पनेच्या इतका आहारी गेला की रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगसुद्धा मावळतीच्या आभाळात लपण्यासाठीच आहे असं म्हणू लागला. भिगवणला उजनीच्या पाण्यात भर सकाळी उभे असलेले रोहित ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पटणं अवघड आहे. पण चिंकाऱ्याच्या बाबतीत त्याचं म्हणणं तंतोतंत खरं होतं.

फिगर रंगवणारा रोज जे करतो ते या नियमाच्या नेमकं उलट असतं. आधी सगळी मूर्ती काळ्या प्रायमरनं झाकायची, मग डोक्याच्या वर स्प्रे धरून पांढऱ्याचा हलका फवारा मारायचा. टोपी, खांदे, मांडीचा वरचा भाग उजळतो. हनुवटीखाली, काखेत, गुडघ्यामागे काळं राहतं. खोलीतला उजेड एवढ्याशा मूर्तीवर पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती सावली रंगानं पाडायची. त्यावर पातळ रंगांत नक्षी. आणि नक्षी झाल्यावर पुन्हा तेच, या वेळी प्रत्येक रंगाला वेगळं. हिरव्या चट्ट्यावरून घडीचं टोक जात असेल तिथे उजळ हिरवा, तीच घडी पुढे तपकिरीवर उतरली की उजळ तपकिरी, आणि खळग्यात त्या त्या रंगाची सावली. चट्ट्यांचे तीन आणि खालच्या कापडाचा एक असे चार रंग, प्रत्येकाच्या तीन छटा, आणि घडी मात्र एकच, सलग. ती कोपरापासून मनगटापर्यंत न तुटता वाहत गेली तरच हात दिसतो. म्हणजे एकाच बोटभर अंगावर मी आधी माणूस लपवणारं कापड विणतो आणि मग त्याच कापडातून त्याला बाहेर काढतो. किल्ल्यावर दिलेल्या फिगरमध्ये हे दोन्ही होतं. कपाटात, दिव्याखाली, काळ्या लाकडी तळावर तो स्वच्छ दिसायचा. अळिवात गेला आणि कापडानं बाजी मारली. त्या मुलीनं परत दिला तेव्हा मला आत कुठेतरी मोठा आनंद झाला होता आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं होतं. दोन्ही भावना अजून तशाच आहेत, एकीनं दुसरीला हटवलेलं नाही.

हे कापड मुळात चित्रकारांच्या हातचं आहे, हे आठवलं की टेबलाशी बसताना मला बळ येतं. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यानं लपवाछपवीच्या कामासाठी स्वतंत्र तुकडी उभी केली तेव्हा तिचा प्रमुख होता गिराँ द सेव्होला, पेस्टलमध्ये काम करणारा चित्रकार. तोफांवर, ताडपत्र्यांवर आधी ब्रश फिरला. १९१८ मध्ये जर्मन सैनिकांनी आपल्या पोलादी शिरस्त्राणांवर हिरवे, मातकट, तांबूस तुकडे रंगवले आणि मधून बोटभर जाडीच्या काळ्या रेघा ओढल्या. १९२९ मध्ये इटलीनं तंबूच्या कापडावर नक्षी छापली, तिथून छापखाने आले. तरीही दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांचे पहिले डेनिसन स्मॉक, म्हणजे वरून घालायचे सैल डगले, रुंद ब्रशांनी हातानंच रंगवलेले होते, आणि रंग पक्का नव्हता. त्या स्मॉकच्या तपकिरी फटकाऱ्याची कड बघा, ब्रशचे केस सुटे झाल्याच्या खुणा तिच्यात आहेत. एकास पस्तीसमध्ये तो फटकारा ओढताना मी फक्त नक्कल करतो असं मला वाटत नाही. कुणीतरी कारखान्यात उभं राहून मनगटाची जी हालचाल केली, तीच मी करत असतो, फक्त पस्तीस पटींनी लहान.

आपल्या पलटणींच्या अंगावर तेव्हा नक्षी नव्हती. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मशीनगनच्या माऱ्यात आपल्या हाताखालचे सगळे जवान पडल्यावर मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटे त्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच कामी आले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला. त्या काळच्या मराठा जवानाची एक फिगर मी केली आहे. दुसऱ्याच कुठल्या संचातलं धड, पुट्टीनं बदललेली बाही, वेगळं शीर. भारतीय सैनिक सहसा असाच जोडून करावा लागतो. साधी खाकी रंगवताना हात किती मोकळा चालतो! एक रंग, त्याची सावली, त्याचा उजेड. प्रत्येक घडी बोलते. पुढे झुकलेल्या अंगाचा सगळा ताण त्या एकरंगी पाठीवर दिसतो. ते कापड त्या माणसाला काहीच आडोसा देत नव्हतं, हे रंगवताना सारखं मनात येत राहतं.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदार राहतात, सातारकडचे. माझा हा उद्योग कळल्यावर त्यांनी एका संध्याकाळी घरी बोलावलं आणि माळ्यावरून काळी ट्रंक खाली उतरवली. ट्रंक उघडताच डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. चट्ट्यापट्ट्यांचा त्यांचा शर्ट त्यांनी पलंगावर अंथरला. मी आजवर फोटोंवरून रंगवत होतो. त्या शर्टानं मला भलताच खजिना दिला. कॉलर आणि कोपर विटून जवळजवळ एकाच करड्या-हिरव्या रंगाचे झालेले. खांद्यावर पिशवीच्या पट्ट्यानं घासलेली जागा इतकी झिजलेली की तिथे चट्टे फक्त अंदाजानं ओळखायचे. आणि खिशाची झडप उचलली तर खाली मूळ रंग, ऊन न लागलेला, गर्द हिरवा. मी बोटानं ती झडप वर-खाली करत राहिलो. "घ्या, बघून घ्या निवांत," म्हणाले. त्या दिवसापासून मी नवा कोरा गणवेश रंगवत नाही. खिशाच्या झडपेखाली एक बारीक गडद रेघ ओढतो, आणि ती का आहे ते आम्हा दोघांना माहीत आहे.

टेकडीवर फिरायला जातानाही हल्ली माझी नजर याच हिशेबात अडकलेली असते. ऑगस्टमधली वेताळ टेकडी आणि एप्रिलमधली वेताळ टेकडी ही दोन वेगळी राज्यं आहेत. पावसात गवत, ग्लिरिसिडिया, ओली काळी वाट, सगळं त्या जुन्या चार रंगांत अगदी बसतं. होळी उलटली की तोच हिरवा चट्टा अर्ध्या किलोमीटरवरून ओरडेल, कारण टेकडीवर गवताचा पिवळा आणि दगडाचा राखी याशिवाय काही उरत नाही. रातवा पक्षी मात्र दोन्ही ऋतूंत नजरेला सापडत नाही. पाचोळ्यात बसलेला असतो आणि पायाखालून उडतो तेव्हाच कळतं. कुठलंच एक कापड सगळीकडे चालत नाही. १५ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या सेनादिन संचलनात पॅराशूट रेजिमेंटचे जवान ज्या नव्या गणवेशात दिसले, त्यात मोठे चट्टे जाऊन बारीक चौकोनांची नक्षी आली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीनं तयार झालेली, ऑलिव्ह आणि मातकट छटांची. २०२५ चं सेनादिन संचलन पहिल्यांदाच पुण्यात, खडकीला झालं. त्या दिवसांत शहरात जवान सगळीकडे दिसायचे, आणि मी चहाच्या टपरीशी उभ्या असलेल्या एका जवानाची बाही इतकी निरखून पाहत होतो की त्यानं हसून विचारलं, "काय झालं साहेब?" एक सेंटिमीटरचा चौकोन एकास पस्तीसमध्ये ०.३ मिलिमीटरपेक्षाही लहान होतो. तो प्रत्येक चौकोन रंगवणं हे खोटं काम होईल, कारण १६ मीटरवरून तो डोळ्याला तसा दिसतच नाही. मी आधी मऊ मोठे डाग टाकतो आणि फक्त त्यांच्या कडा टोकेरी ब्रशनं पायऱ्यापायऱ्यांच्या करतो. लांबून पाहिलं की डोळा उरलेले चौकोन आपणच भरून घेतो.

या नव्या गणवेशातला जवान सध्या टेबलावर आहे. गस्तीवरचा, उभा, डावा हात वर करून मागच्यांना थांबवणारा. कापड जवळजवळ झालं आहे. परवा सुभेदारसाहेब आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो डोळ्यांपाशी धरला. "शर्ट बरोबर. पण गस्तीला निघालाय ना हा? मग तोंड उघडं कसं?" मग त्यांनी माझ्याच चेहऱ्यावर बोट टेकवत मला शिकवलं, रंग कुठे आणि कसा लावायचा ते. कपाळ, गालाची हाडं, नाकाचा शेंडा, जे जे चमकतं ते आधी गडद करायचं. डोळ्यांखालचे खळगे, हनुवटीची खालची बाजू, जिथे सावली पडते तिथे फिका रंग. "चमकतं तेच आधी घात करतं," ते म्हणाले. मी ऐकत होतो आणि मला सुप्याचा चिंकारा दिसत होता. वर गडद, खाली फिका. चेहरा रंगवताना मी आजवर प्रत्येक फिगरवर नाकाच्या शेंड्याला शेवटचा उजळ ठिपका देत आलो, डोळ्यांच्या खोबणीत सावली भरत आलो. आणि त्यांनी तीस वर्षं बरोबर त्याच जागांवर बरोबर उलटे रंग लावले होते, जिवंत राहण्यासाठी.

चहा घेऊन आलेल्या वहिनी हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "यांचा असला एक फोटो आला होता गावी, आठ-दहा जण, सगळ्यांची तोंडं रंगवलेली. सासूबाईंनी फोटोवरनं बोट फिरवत मला विचारलं, यातला आपला कुठला गं?" सुभेदारसाहेब हसले. म्हणाले, "तेच तर पाहिजे होतं." वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी कप उचलले.

मी दोघांचं म्हणणं तोलून पाहिलं आहे आणि सुभेदारसाहेबांना तसं सांगितलंही आहे. नियमानं ते बरोबर आहेत, गस्तीवरचा जवान तोंड उघडं ठेवून जाणार नाही. कापडाच्या बाबतीत मी त्यांचं सगळं ऐकेन. झडपेखालची रेघ असेल, विटलेलं कोपर असेल, पट्ट्यानं घासलेला खांदा असेल. पण चेहरा मी रंगवणार नाही. कपाळाला, गालफडांना आणि नाकाच्या शेंड्याला उजेडच मिळेल. त्यांना ते अजून पटलेलं नाही. दर भेटीत विचारतात, लावला का रंग म्हणून. फारच आग्रह धरला तर हातांच्या पाठी रंगवीन, वर उचललेल्या डाव्या हातासकट.